लेक मायक्रोबायोलॉजी घेतेय म्हणे!

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. उशिराचा दोष तुझाच. ‘मायक्रोबायोलॉजी करून पोरगी पुढे करणार काय?’ एवढं विचारून तू मोकळा झालास. ज्यात माझी निम्मी हयात गेली, त्याचं उत्तर एका ओळीत कसं देऊ?

आधी हे सांग, विषय तिनं निवडलाय, की मेडिकलचं हुकलं म्हणून गळ्यात पडलाय? गळ्यात पडला असला तरी बिघडत नाही, माझंही तसंच झालं होतं. फक्त हा विषय निम्मा डोक्यात आणि निम्मा मनगटात असतो, एवढं तिला सांगून ठेव. लूप, म्हणजे टोकाला कडी असलेली तार, ज्योतीत लालबुंद करायची, गार होऊ द्यायची, मग तिच्यावर जिवाणू घेऊन प्लेटमधल्या अगरवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर, हलक्या हातानं रेघोट्या ओढायच्या. लूप गरम राहिली तर जिवाणू जागच्या जागी जळतात, हात जड झाला तर अगर फाटतो. जमलं तर दुसऱ्या दिवशी शेवटच्या रेघांवर सुट्या, गोल कॉलन्या, म्हणजे जिवाणूंचे ठिपके, दिसतात. पहिल्यांदा जमायला मला महिना लागला. तोवर माझ्या प्लेटवर बुरशीच काय ती जोमानं वाढायची.

परीक्षेतला किस्सा तुला कधी सांगितला नाही. ग्रॅम स्टेनिंग, म्हणजे जिवाणू रंगवून त्यांचे दोन गट ओळखणं, होतं. आधी जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलनं धुणं आणि शेवटी गुलाबी रंग. ज्या जिवाणूंची भिंत जाड ते जांभळे राहतात (ग्रॅम पॉझिटिव्ह), बाकीचे गुलाबी होतात (ग्रॅम निगेटिव्ह). माझं अल्कोहोल अंमळ जास्त वेळ राहिलं. समोर द्राक्षांच्या घडासारखे स्टॅफिलोकोकस, एरवी जांभळे दिसणारे, पण गुलाबी! मी ठोकून दिलं, ‘ग्रॅम निगेटिव्ह’. परीक्षक स्लाइडकडे न बघता माझ्या तोंडाकडेच बघत राहिले. हान्स ख्रिश्चन ग्रॅमनं ही युक्ती १८८४ साली छापली, आजही रोगनिदानाची सुरुवात बहुधा तिथूनच होते. त्या दिवसापासून मी सेकंद तोंडानं मोजतो. सहकारी हसतात, हसू देत.

आता नोकऱ्यांचं. लोकांना फक्त हॉस्पिटलची लॅब माहीत असते. ते काम मोलाचंच. पेशंटच्या नमुन्यातला जंतू वाढवायचा, प्लेटवर अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी चकतीभोवतीचं मोकळं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचं. त्या आकड्यावरून डॉक्टर औषध बदलतात. पेशंटला आपलं नावही ठाऊक नसतं.

मी रमलो औषध कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत. इथला गंमतीचा भाग असा की, काहीच उगवलं नाही तो दिवस चांगला. इंजेक्शन निर्जंतुक आहे का हे बघणाऱ्या स्टरिलिटी टेस्टला चौदा दिवस थांबावं लागतं आणि चौदाव्या दिवशीही जंतू वाढवायचं द्रव माध्यम नितळ दिसलं की समाधान. कॉलेजात जंतू वाढवायला शिकलो, पगार मात्र ते न वाढल्याचं लिहिण्याचा मिळतो. लिहिणं तर इतकं, की जे लिहिलं नाही ते केलंच नाही असं धरतात. तिला कागदाचा कंटाळा असेल तर हे काम तिचं नव्हे.

बाकी वाटा पुष्कळ आहेत: खाद्यपदार्थ आणि पाण्याची तपासणी, सांडपाणी, शेतीची जिवाणू खतं, फर्मेंटेशन. मानवी इन्शुलिन १९८२ पासून ई. कोलाय या जिवाणूकडून बनवून घेतलेलं बाजारात आहे, हे तिला सांग, डोळे चमकतील. नुसत्या पदवीवर मात्र सुरुवात बेताची असते, शिफ्टही करावी लागते. पदव्युत्तर केलं तर दारं उघडतात. संशोधन करायचं तर पीएचडीची चिकाटी हवी. आणि स्टॅटिस्टिक्स, बायोकेमिस्ट्री टाळून चालणार नाही. मी टाळलं होतं आणि नोकरीत रात्री जागून शिकलो.

चिकाटीवरून आठवलं. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन हे ऑस्ट्रेलियातले दोन डॉक्टर जठरातले जिवाणू वाढवू पाहत होते. दोन दिवसांत काही दिसलं नाही की प्लेट फेकली जायची. १९८२ च्या ईस्टरच्या सुटीत काही प्लेट्स तशाच राहून गेल्या आणि जादा दिवसांत कॉलन्या उगवल्या! पुढे मार्शलनं तो जिवाणू स्वतः पिऊन पाहिला. अल्सर निव्वळ काळजीनं होतो, या समजाला त्यातून सुरुंग लागला. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. (पिण्याचा भाग लेकीला जरा बेतानंच सांग.)

तुझा दुसरा प्रश्न, ‘जंतूंत काम करून आजारी पडायची का?’ अरे, आम्ही लॅबमध्ये घोटभर पाणीही पीत नाही, निघताना हात धुतल्याशिवाय दाराला हात लावत नाही. धोका आहे तो ‘आता सवय झाली’ म्हणणाऱ्याला.

पत्रावर ठरवू नकोस. ओळखीच्या एका शिकवण्याच्या लॅबमध्ये तिला दोन दिवस बसवतो, बोलणं झालंय. पहिल्या दिवशी तिनं स्वतः प्लेटवर रेघोट्या ओढायच्या, दुसऱ्या दिवशी इनक्युबेटरमधून काढून, झाकण न उघडता, उजेडासमोर धरून बघायची. पायात बंद बूट हवेत आणि केस बांधलेले. बुरशी आली तरी फोटो काढून मला पाठवायला सांग. माझ्या पहिल्या प्लेटचा नाहीये माझ्याकडे.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
गुलाबी स्टॅफिलोकोकसवाला