सर, नाव यादीतून गेल्यावरही तुम्ही फोन करत राहिलात

आदरणीय कोच सर,

हे पत्र घरी येऊनही देता आलं असतं. पण इतर खेळाडूंच्या घरच्यांनीही ते वाचावं असं वाटलं, म्हणून उघडपणे लिहिते आहे.

गुडघ्याचं लिगामेंट फाटलं आणि फुटबॉल क्लबने माझ्या धाकट्या भावाचा करार वाढवला नाही. लहानपणापासून ज्याचा दिवस सरावाच्या वेळेवर चालला, त्याला सकाळी उठायला कारणच उरलं नाही. संघातल्या मित्रांचे फोन कमी होत गेले. त्याच सुमारास एका 'दादा'चे फोन वाढले. हा माणूस सामन्यांना पुढच्या रांगेत दिसायचा, पोरांना बूट घेऊन द्यायचा. ड्रग्ज हा शब्द त्याने कधी उच्चारला नाही. आधी उसने पैसे दिले आणि परत मागितले नाहीत. मग म्हणाला, एक फ्लॅट तुझ्या नावावर भाड्याने घे, माझी माणसं राहतील, तुझी फक्त सही हवी.

आम्हा घरच्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याने ते तुम्हाला सांगितलं, कारण गुडघ्याची सूज कशी आहे हे विचारायला फोन करणारे तुम्ही एकटेच उरला होतात.

भाडेकराराचा तो कागद मी नंतर पाहिला. सहीच्या जागी पेन्सिलने फुली मारून ठेवली होती. तुम्ही तो घडी घालून बाजूला ठेवलात आणि त्याला मार्क वॉर्डबद्दल सांगितलंत. एव्हर्टन, वेस्ट हॅम या इंग्लंडच्या क्लबांकडून खेळलेला मिडफिल्डर. त्यानेही दुसऱ्यासाठी घर भाड्याने घेतलं होतं. 2005 मध्ये त्या घरात चार किलो कोकेन सापडलं आणि त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली.

मग जे इमॅन्युएल-थॉमस. 2009 मध्ये एफए यूथ कप ही इंग्लंडमधली युवा संघांची स्पर्धा जिंकणाऱ्या आर्सेनलच्या युवा संघाचा कर्णधार, पुढे आपल्याकडे जमशेदपूर एफसी क्लबकडूनही खेळलेला. सप्टेंबर 2024 मध्ये थायलंडहून आलेल्या सुटकेसमध्ये सुमारे 60 किलो गांजा सापडला. त्या बॅगा आणायला त्यानेच तयार केलेल्या दोघींना आपण सोनं नेतोय असं वाटत होतं. 2025 मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली.

"त्यांना पैशांची अडचण असेल," असं माझा भाऊ म्हणाला. त्यावर तुम्ही क्विन्सी प्रोमेसचं नाव घेतलंत. नेदरलँड्सकडून 50 आंतरराष्ट्रीय सामने, तिथल्या आयाक्स या बड्या क्लबची जर्सी, अडचण कसली? तरीही अँटवर्प बंदरातून आलेल्या 1,350 किलोंहून जास्त कोकेनच्या प्रकरणात 2024 मध्ये अॅमस्टरडॅमच्या न्यायालयाने त्याला सहा वर्षांची शिक्षा सुनावली.

टोळ्यांना फुटबॉलपटू का हवा असतो, हे तुम्ही त्या दिवशी जसं उलगडून सांगितलंत तसं मी कुठेच ऐकलं नव्हतं. त्याच्या नावावर कुणी संशय घेत नाही. त्याचा पासपोर्ट शिक्क्यांनी भरलेला असतो. घरमालक, बँकवाले, सगळे त्याला ओळखतात. आणि खेळ सुटल्यावर त्याला कुणीतरी पुन्हा 'आपला माणूस' म्हणावं, ही भूक असते. टोळी नेमकी तिथेच हात घालते.

तुम्ही त्याला त्या माणसाला भेटायला जाऊ दिलं नाहीत. आधी उसने पैसे फेडायला लावलेत, तेही बँकेतून, म्हणजे नोंद राहील. कमी पडलेली रक्कम स्वतःची घातलीत. वकिलाला गाठलंत आणि त्यांच्या सल्ल्याने सगळं लिहून ठेवलंत. नंतर कित्येक महिने त्याला सकाळच्या सरावाला बोलवत राहिलात, धावता येत नव्हतं तरी. सरावाचे प्लास्टिकचे शंकू मांडायला, चेंडू भरायला, लहान मुलांना पासिंग शिकवायला.

यातलं काहीही तुमच्या नोकरीचा भाग नव्हतं. तुम्ही गोलकीपर कोच. ज्या मुलाचा संघाला आता उपयोग नव्हता, त्याच्यासाठी तुम्ही हे केलंत. क्लब करार संपवताना किट परत मागतात, ओळखपत्र परत मागतात. पुढच्या सहा महिन्यांत त्या मुलाला फोन कोण करणार, हे मात्र कुठल्याच कागदावर नसतं. ते लिहिलेलं असावं, असं मला मनापासून वाटतं.

आईबाबांनी तुमचे आभार मानायला सांगितलंय. भाऊ आता कोचिंगचा कोर्स करतो आहे. अकादमीने नुकतंच दोन मुलांना कमी केलं, तेव्हा तो दोघांच्याही घरी जाऊन आला. तुम्हाला न विचारता तुमचा नंबर त्यांना दिलाय, सर. त्यांचा फोन आला तर घ्या.

तुमची कृतज्ञ,
एका विंगरची ताई