आधी फळीकडे बघ, मग मशीनला हात लाव

प्रिय चिऊ,

बँडसॉवर (दोन चाकांवरून पळणाऱ्या लांब ब्लेडच्या करवतीवर) चिरलेल्या फळ्यांचे फोटो मिळाले, सगळे झूम करून करून बघितले. तू लिहिलंयस की फेन्स (लाकूड टेकवून सरकवायचा टेबलावरचा आधार) हलवून बघितलं, ब्लेडचं टेन्शन वाढवलं, गाईड (ब्लेडला बाजूला भरकटू न देणारे आधार) घट्ट केले, तरी फळी वाकडीच निघतेय आणि आता मशीनच बदलावं असं वाटायला लागलंय. मशीन नको बदलूस गं. एका दमात तीन गोष्टी बदलल्या तर कशामुळे काय झालं हे कळणार कसं? बँडसॉवर उंच लाकूड उभं चिरताना जे काही बिघडतं ते फळीवर उमटतंच, म्हणून आधी फळी बघायची, मग ब्लेड, आणि फेन्सला हात सगळ्यात शेवटी. मुद्दा एवढाच आहे पण नीट सांगायचा तर पत्र लांबणार, सावकाश वाच.

पहिलं काम. चिरून झाल्या झाल्या दोन्ही फळ्या घे आणि गुण्याची (काटकोन तपासायच्या साधनाची) कड फळीच्या रुंदीत आडवी टेकवून उजेडाकडे धर. तुझ्या दुसऱ्या फोटोत दिसतंय की वरची कड रेघेवर आहे, खालची पण रेघेवर आहे आणि मधेच एका फळीला पोट आलंय, दुसरीला तेवढाच खड्डा. म्हणजे ब्लेड वर-खाली जागेवर होतं पण लाकडाच्या आत मधल्या भागात धनुष्यासारखं वाकलं. हे फेन्सने कधीच होत नाही. फेन्सचा कोन चुकला असेल तर लाकूड सुरुवातीपासून एकाच बाजूला ओढलं जातं, दर वेळी तसंच. टेबल ब्लेडशी काटकोनात नसेल तर फळी सपाट निघते पण वर जाड खाली पातळ. आणि लाकूडच वळलं असेल तर गोष्ट वेगळी, त्याचं पुढे लिहिते.

आता पोट का आलं. पहिल्या फोटोत ब्लेडवरचं ६ टीपीआय दिसतंय, म्हणजे एका इंचात सहा दात. तुझं लाकूड ८ इंच उंच, म्हणजे एका वेळी ४८ दात लाकडात. दोन दातांमधली जी खाच असते ना, ती भुसा उचलून खाली बाहेर टाकायला असते, आणि लाकडाचा भुसा झाला की तो मूळ लाकडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. सहा दातांच्या ब्लेडची खाच छोटी, ती अर्ध्या वाटेतच भरते, मग पुढचा भुसा जाणार कुठे, तो दाताच्या टोकापाशी दाबला जातो, दात कापायचं सोडून घासायला लागतो, तू मागून आणखी ढकलतेस, आणि ब्लेडला सुटायला एकच रस्ता उरतो, आडवं वाकायचं. म्हणून तुला ढकलायला जोर लागत होता आणि जळका वास येत होता. या कामाला ३ टीपीआयचं हुक दातांचं (पुढे झुकलेल्या दातांचं) ब्लेड घे, म्हणजे ८ इंचात २४ दात. रुंदी अर्धा इंच पुरे. एक इंची रुंद ब्लेड सरळ जाईल हे खरं, पण छोट्या मशीनची फ्रेम त्याला पुरेसं ताणूच शकत नाही आणि कमी ताणलेलं रुंद ब्लेड नीट ताणलेल्या अरुंद ब्लेडपेक्षा वाईट चालतं. जाड पत्र्याचं पण नको, छोट्या चाकावरून सारखं वळून त्याच्या खाचेच्या बुडाशी बारीक चिरा पडतात आणि मग एक दिवस तुटतं.

हे जुनं ब्लेड काढलंस की फेकायच्या आधी भिंगाखाली बघ. प्लग काढलेला असू दे, हातात मोजे घाल. दाताचं टोक उजेडात तिरकं धर. धार असेल तर टोकावर काहीच चमकत नाही, धार गेली असेल तर तिथे पांढरा ठिपका चकाकतो, कारण ते टोक गोल होऊन आरशासारखं झालेलं असतं. मग डावीकडे वळलेले दात आणि उजवीकडे वळलेले दात वेगवेगळे तपास, कारण बऱ्याचदा एकाच बाजूची धार जाते. जुन्या लाकडात खिळा लागला किंवा गाईड दातांना घासला की असं होतं, आणि मग ब्लेड धार असलेल्या बाजूला ओढत राहतं, तू फेन्स कितीही फिरव. तू गाईड घट्ट केल्याचं लिहिलंयस म्हणून मला याचीच काळजी वाटतेय. गाईडची पुढची कड खाचेच्या किंचित मागे हवी, दातांपर्यंत कधीच नाही, आणि बाजूला कागद सरकेल एवढी फट हवी. ब्लेडला चिकटून धरणं हे गाईडचं काम नाही, ते भरकटायला लागलं तर तेवढं अडवायचं. ब्लेडच्या पाठीमागचं बेअरिंग पण तसंच, मशीन रिकामं चालू असताना ते फिरता कामा नये, ब्लेडपासून अर्धा ते एक मिलिमीटर मागे, लाकूड लावल्यावरच टेकलं पाहिजे.

नवीन ब्लेड लावताना क्रम पाळ, यात घाई केलेली मला चालणार नाही. प्लग काढ. वरचे खालचे सगळे गाईड आणि बेअरिंग लांब सरकव, ब्लेडला काहीच स्पर्श नको. चाकांच्या रबरावर भुसा आणि डिंक बसलेला असेल तो खरवडून काढ, छोटासा थर असला तरी ब्लेड प्रत्येक फेरीला उडी मारतं. दात खाली टेबलाकडे आणि तुझ्याकडे तोंड करून आहेत ना ते बघ, नवीन ब्लेड गुंडाळी सोडताना उलटं पडतं आणि मग ते कापतच नाही, तेव्हा घाबरू नकोस, हातात धरून आतलं बाहेर उलटवायचं. मग ताण दे, वरचं चाक हाताने फिरव, ब्लेड चाकाच्या मधोमध पळेपर्यंत ट्रॅकिंगचा स्क्रू थोडा थोडा फिरव. हे जमल्यावरच गाईड जवळ आण. गाईड आधी लावून मग ट्रॅकिंग करायला गेलीस की सगळं परत करावं लागतं.

टेन्शनचं. मशीनवरच्या पट्टीवर फार विसंबू नकोस, स्प्रिंग जुनी झाली की ती पट्टी अंदाजच सांगते. वरचा गाईड टेबलापासून ६ इंच वर घे आणि मधोमध ब्लेडला बाजूने बोटाने बेताने दाब, पाव इंचाच्या आसपास हललं तर ठीक. त्याहून बरंच जास्त हललं तर सैल. पण लक्षात ठेव, बोथट ब्लेड कितीही ताणलं तरी ते सरळ जात नाही, उलट चाकांची बेअरिंग आणि फ्रेम तेवढी झिजते. लोक टेन्शनलाच पहिला हात घालतात कारण तो एक नॉब फिरवायचा असतो, ब्लेड बदलायला जिवावर येतं. काम संपलं की ताण सैल करून ठेव आणि मशीनवर कागद चिकटव, ताण सैल आहे म्हणून, नाहीतर दुसऱ्या दिवशी तशीच चालू करशील.

मग टेबल ब्लेडशी काटकोनात आहे का गुण्या लावून बघ, आणि वरचा गाईड खाली-वर केल्यावर परत बघ, कारण त्याचा खांब सरळ नसेल तर उंची बदलली की सगळं हलतं. गाईड लाकडाच्या वर पाव इंच राहील एवढाच ठेव. वर उघडं ब्लेड जितकं कमी तितकं ते कमी वाकतं आणि तुझी बोटं पण वाचतात.

इतकं झालं की बहुतेक वेळा फेन्सला हात लावायची वेळच येत नाही. तरी ओढ राहिली तर एका टाकाऊ फळीवर कडेला समांतर रेघ मार, फेन्सशिवाय हाताने त्या रेघेवर चिरत जा, अर्ध्यावर हात न हलवता मशीन बंद कर आणि फळी ज्या कोनात उभी आहे तो कोन टेबलावर पेन्सिलने उतरव. फेन्स त्या कोनाला लाव. ब्लेड बदललं की हा कोन पण बदलू शकतो हं.

आता लाकडाचं, कारण तिसऱ्या फोटोतल्या पातळ फळ्यांचा दोष ब्लेडचा नाहीये असं माझं ठाम मत आहे. तू लिहिलंयस की चिरल्या तेव्हा सरळ होत्या आणि सकाळी वाकलेल्या दिसल्या. कॅलिपरने दोन्ही कडांना आणि मधे जाडी मोज. ब्लेडने पोट काढलं असेल तर जाडी कमी-जास्त येते. जाडी सगळीकडे सारखी आणि फळी तरी वाकलेली, तर लाकूड वळलंय. दोन्ही फळ्यांना नव्याने उघड्या पडलेल्या बाजूनेच खोलगटपणा आलाय, बघ. लाकूड वरून वाळलेलं असतं, आत ओल राहिलेली असते, ती आतली बाजू हवेला लागली की वाळून आकसते. त्यावर उपाय मशीनमध्ये नाही. लाकूड आधी नीट वाळू दे, चिरताना थोडं जास्त जाड चीर, फळ्या मधे सारख्या पट्ट्या घालून रचून वर वजन ठेव, आणि स्थिरावल्यावर रंधा मारून शेवटच्या जाडीला आण. कधी कधी लाकडात ताण असतो आणि चीर मागून मिटत येऊन ब्लेडला चिमटते. असं जाणवलं तर ओढाताण करू नकोस, मशीन बंद कर, चाकं थांबू दे, मग मागच्या चिरेत लाकडी पाचर घालून पुढे जा.

टक टक आवाजाचं विचारलंयस. ठरावीक लयीत येत असेल तर तो ब्लेडचा सांधा आहे. ब्लेड सेकंदाला साधारण १५ मीटर पळतं, तीन मीटरच्या ब्लेडचा सांधा सेकंदाला पाच वेळा गाईडमधून जातो. सांधा उंच राहिला असेल तर घासून सपाट करता येतो. पण तोच आवाज एकदम नव्याने सुरू झाला असेल तर लगेच बंद कर आणि खाचांच्या बुडाशी चीर पडलीय का ते बघ. आणि ब्लेड तुटलंच, तर बटण बंद करून बाजूला हो, दार अजिबात उघडू नकोस, वरचं चाक ब्लेड तुटल्यावर पण बराच वेळ फिरत राहतं.

नवीन ब्लेडची पहिली काही इंच चीर हळू घे, नवे दात फार तीक्ष्ण असतात, लगेच जोर लावला तर टोकं झडतात. नंतर पण ढकलायचा वेग आवाजावर ठरव, मोटरचा आवाज दबला की हात हलका कर. भुसा भरड पडत असेल तर दात कापतायत, पिठासारखा आणि गरम पडायला लागला तर घासतायत. शेवटचे दोन-तीन इंच ढकलायला लाकडाचा ठोकळा घे, अंगठा ब्लेडच्या रेषेत नको म्हणजे नको. चालू मशीनवर मोजे पण नकोत, आणि मास्क लाव, तो बारीक भुसा छातीत बसतो, त्यावर मी काहीही ऐकून घेणार नाही.

पोट आलेल्या त्या दोन फळ्या टाकू नकोस. फोटोवरून जाडी भरपूर वाटतेय, रंधून सपाट केल्या तर ड्रॉवरच्या बाजूंना सहज होतील. नवीन ब्लेड आल्यावर आधी एक टाकाऊ तुकडा चीर, त्याची वर, मधे, खाली अशी तीन ठिकाणची जाडी मला कळव, मग पुढचं बघू.

तुझी
आई