सूचना: रविवारच्या खेळाआधी पात्रांचे वर्ग बदलून घ्या

नमस्कार मंडळी,

नवी मोहीम येत्या रविवारी दुपारी ४ वाजता, साताऱ्यात राजवाड्याजवळच्या आपल्या नेहमीच्या खोलीवर सुरू होतेय. मुलूख सातारा ते जावळीचं खोरं, काळ सतराव्या शतकासारखा, पण काल्पनिक. त्यामुळे डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन, फासे टाकून खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीतले वर्ग (म्हणजे पात्रांचे पेशे) इथल्या मातीत बसवायचे आहेत. पात्राचा कागद शुक्रवार रात्रीपर्यंत ग्रुपवर टाका.

- फायटर: शिलेदार की बारगीर, ते आधी ठरवा. शिलेदाराचा घोडा नि हत्यारं स्वतःची, बारगिराला ती सरकारातून मिळतात. घोडा पडला तर शिलेदाराला भुर्दंड. बारगिराला दुसरा मिळेल, पण हुकूम मोडायची सोय नाही. खेळात याने खूप फरक पडणार आहे, नुसतं नाव बदलून आणू नका.
- रोग (Rogue, चोरपावलांनी वावरणारा): हेर. बहिर्जी नाईक डोळ्यांसमोर ठेवा. वेषांतराचं साहित्य हवंच.
- बार्ड: शाहीर, डफासह.
- रेंजर: वाटाड्या. प्रदेश डोंगर किंवा जंगल, वाळवंट नको.

दांडपट्ट्याला रेपियरचे (खेळातल्या सडपातळ युरोपीय तलवारीचे) नियम लावू. मात्र त्याची मूठ हातमोज्यासारख्या खोबणीच्या आत असते, म्हणून त्या हाताने दोर किंवा दार धरता येणार नाही.

विझार्ड, वॉरलॉक हे जादूचे वर्ग घेणाऱ्यांनी मला आधी फोन करा. खऱ्या देवदेवता आणि संत यांना वॉरलॉकचा पॅट्रन (त्याला शक्ती देणारा) करायचं नाही, हा नियम पक्का.

हिट डाय (पात्राची जीवनशक्ती ठरवणारा फासा) आणि लेव्हलनुसार मिळणाऱ्या क्षमता कुणीही बदलू नयेत. फासे आपापले आणा.