ब्रेकचा दोष दरवेळी लायनरचाच नसतो

मा. संपादक,

महोदय,

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातून भाजीपाला, गूळ घेऊन फोंडा किंवा आंबा घाटाने कोकणात उतरणाऱ्या वाहनांत जुन्या पिकअप गाड्या पुष्कळ दिसतात. त्यांच्या ब्रेकदुरुस्तीची जी रीत पडली आहे, तिच्याबद्दल हे पत्र आहे. ब्रेक कमी लागतो अशी तक्रार आली, की मागचे लायनर आणि पुढचे पॅड (ड्रमला व डिस्कला घासून चाक थांबवणारे, झिजणारे भाग) बदलून गाडी मालकाच्या ताब्यात दिली जाते. मूळ दोष मात्र बहुधा तसाच राहतो.

वास्तविक पेडलवरूनच बरेच काही कळते. पेडल स्पंजासारखे दबत असेल तर ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा असते, आणि दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल, पण बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरचे, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या भागाचे, रबर गेलेले असते. पेडल कडक लागत असल्यास इंजिन बंद ठेवून ते चार-पाच वेळा दाबावे, मग दाबून धरूनच इंजिन चालू करावे. ते थोडे खाली गेले नाही, तर बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग), त्याचा पाइप किंवा व्हॅक्यूम पंप तपासावा. या तपासणीला पैसाही लागत नाही.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे अनेक पिकअपना मागच्या बाजूला चासीवर असणारा लोड व्हॉल्व्ह. तो एका दांडीने मागच्या ॲक्सलला जोडलेला असतो. माल भरल्यावर हौदा खाली बसतो, दांडी सरकते आणि मागच्या चाकांना ब्रेकचा दाब जास्त मिळतो. आपल्याकडे जादा माल नेता यावा म्हणून मागे स्प्रिंगचे पाटे वाढवतात (त्या जादा मालाचे समर्थन करता येणार नाही, हे वेगळे). मग माल भरूनही हौदा पुरेसा बसत नाही, व्हॉल्व्ह गाडी हलकीच समजतो आणि थांबवण्याचा बहुतेक भार पुढच्या ब्रेकवर येतो. घाटात पुढच्या डिस्क तापून वास सुटतो तो यामुळेही, आणि मग पुन्हा पॅडच बदलले जातात! दांडी तुटली म्हणून तार गुंडाळून ठेवलेल्या गाड्याही मी पाहिल्या आहेत.

ब्रेक ऑइलची कथाही अशीच आहे. ते हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १४० अंशांची आहे. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ऑइल उकळले, की वाफ होऊन पेडल एकदम तळाला जाते. गाडी थंड झाल्यावर ते पूर्ववत होते आणि गॅरेजमध्ये दोष सापडत नाही. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलावे. नुसते वरून भरत राहू नये.

आठ वर्षांवरील मालवाहू गाड्यांना दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. परंतु तपासणीला गाडी सहसा रिकामीच नेली जाते, त्यामुळे लोड व्हॉल्व्हचा दोष तेथे उघड होण्याची शक्यता कमीच. परिवहन विभागाने पावसाळ्यापूर्वी मार्केट यार्डातच भरलेल्या पिकअपची दांडी, पाटे आणि ब्रेक ऑइल पाहण्याची सोय करावी, आणि वाहतूकदारांच्या संघटनांनी त्यासाठी येथील उद्यमनगर औद्योगिक वसाहतीतील जाणत्या मिस्त्रींची मदत घ्यावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक पिकअपमालक, कोल्हापूर