हॅमॉकच्या दुलईचे किट: माल वर्णनाप्रमाणे नाही आणि दोष माझ्या शिलाईचा म्हणता!

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: अंडरक्विल्टच्या 'स्वतः शिवा' किटमधील सदोष साहित्य व पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

तुमच्या संकेतस्थळावरून मी हॅमॉकखाली, म्हणजे दोन झाडांमध्ये बांधायच्या झोळीखाली, टांगायच्या दुलईचे, म्हणजे अंडरक्विल्टचे, किट रु. ६,४५० ला मागवले. बिलाची प्रत सोबत आहे. माल वर्णनाप्रमाणे नाही असे ई-मेलने कळवल्यावर तुमच्या प्रतिनिधीचे उत्तर आले: "शिवणीतील त्रुटींमुळे भरण सरकले आहे. कापलेले साहित्य परत घेतले जात नाही. शिलाईचा सराव नसल्यास स्थानिक टेलरची मदत घ्यावी."

ती स्थानिक टेलर मीच आहे. नाशिकला माझे शिलाईचे दुकान आहे. तेव्हा आता जरा सविस्तर लिहिते.

हॅमॉकमध्ये झोपणाऱ्याला खरी थंडी खालून लागते. स्लीपिंग बॅगचा पाठीखालचा भाग अंगाच्या वजनाने चेपतो, त्यातली हवा निघून जाते आणि खालून वारा लागतच राहतो. म्हणून दुलई हॅमॉकच्या बाहेरून, खालच्या अंगाला टांगायची. तिच्यावर वजन येत नाही, ती फुगलेली राहते आणि ऊब धरते. हे सारे तुमच्याच पानावर व्यवस्थित लिहिले आहे. त्याच पानावर भरणाचे वर्णन असे: अखंड धाग्यांचे पॉलिस्टर, दर चौरस मीटरला १६७ ग्रॅम, शून्य अंशापर्यंत ऊब, मधून टिपा मारण्याची गरज नाही. यातले शेवटचे वाचूनच मी पैसे भरले. मधून टीप मारली की तिथे भरण चेपते, कापडाला कापड टेकते आणि नेमक्या त्या रेषेवर थंडी शिरते. अखंड धाग्याच्या भरणाची परत एकसंध असते. चारी कडांना शिवली की ती जागेवर राहते.

तुम्ही पाठवलेले भरण तोकड्या तंतूंचे आहे. चिमटीत धरून ओढले की पुंजका हातात येतो. असल्या भरणाला गोधडीसारखे वीतभर अंतरावर धावदोरे घालावेच लागतात, नाहीतर ते सरकणारच. आणि तुमचे माहितीपत्रक तर ठळक अक्षरांत सांगते की फक्त कडांना शिवा. मी तसेच शिवले. सुई ७० नंबरची, दोरा पॉलिस्टरचा, कडेला एक सेंटिमीटर मार्जिन. भरण आधी अस्तराला कडेने टाचून घेतले आणि मग सुलट केले. दोन्ही टोकांचे नेफे, इलॅस्टिकच्या दोरीच्या पट्ट्या, सगळे जागच्या जागी आहे. एकही टीप उसवलेली नाही. फोटो जोडले आहेत. त्यात त्रुटी दिसली तर कृपया खडूने खूण करून परत पाठवा.

आता वजनाचे. उरलेल्या पट्टीतून आणि दुलईचा एक कोपरा उसवून मी १० सेंमी बाय १० सेंमीचे चौकोन कापले आणि सराफ बाजारात ओळखीच्या पेढीवर काट्याला लावले. प्रत्येक चौकोन १.६७ ग्रॅम भरायला हवा होता. भरले १.१ ते १.३ ग्रॅम. म्हणजे चौरस मीटरला १६७ नव्हे, फार तर १३० ग्रॅम, तेही जागोजागी कमी-जास्त. २०० बाय ११५ सेंमीच्या दुलईत सुमारे ३८४ ग्रॅम भरण असायला हवे. या हिशेबाने ते ३०० ग्रॅमपर्यंतही पोचत नाही.

याचा अर्थ काय होतो ते भंडारदऱ्याच्या कॅम्पवर कळले. पहाटे माझ्या थर्मामीटरवर ८ अंश होते, तुमच्या शून्यापासून बरेच वर. तरीही कंबरेखाली आणि खांद्याखाली बर्फ ठेवल्यासारखे गार लागत होते. सकाळी दुलई उजेडासमोर धरली तर भरण खाली गोळा झालेले आणि त्या दोन जागी नुसते कापड. शिवाय आतली बाजू ओलसर.

ओलीचे कारण तुमचे कापड. वर्णनात 'हवा खेळती ठेवणारे रिपस्टॉप नायलॉन' (सहसा न फाटणारे, चौकडीच्या विणीचे कापड) आहे, पण आतल्या अंगाला हात लावला तर रबरासारखा थर जाणवतो. घरी गरम चहाच्या कपावर हे कापड ताणून वर थंड काच धरली, काचेवर काही आले नाही. माझ्याकडच्या थर नसलेल्या रिपस्टॉपचा तुकडा तसाच धरला तर काच लगेच धुरकटली. घामाची वाफ बाहेर पडायला वाट नसेल तर ती आतच थंड होऊन पाणी होणार. असले कापड वर ताणायच्या ताडपत्रीला ठीक आहे, दुलईला नाही.

माहितीपत्रकही चुकीचे आहे. पानावर 'डिफरेन्शियल कट', म्हणजे बाहेरचे कापड आतल्यापेक्षा रुंद, असे म्हटले आहे आणि पत्रकात आतले-बाहेरचे दोन्ही तुकडे ११५ सेंमीचेच. तीन सेंटिमीटर जाडीची दुलई अंगाभोवती अर्धगोल वळते, तेव्हा बाहेरच्या कापडाला नऊ-दहा सेंटिमीटर जास्त लागतात, नाहीतर बाहेरचे कापडच भरणाला चेपते. मी ते आपणहून १२५ कापले. नवशिक्या ग्राहकाने काय करायचे?

राहिला 'कापलेला माल परत नाही' हा नियम. ब्लाउजपीस कापून आणले तर मीही परत घेत नाही, कारण त्याचा रंग-पोत कापायच्या आधी दिसतो. तुम्ही भरण हवा काढून, दाबून, सीलबंद पाठवता. (तसे फार दिवस दाबून ठेवणे भरणालाही मानवत नाही, हा वेगळा मुद्दा.) ते तोकड्या तंतूंचे आहे आणि वजनात कमी आहे, हे उलगडून, कापून, थंडीत टांगल्याशिवाय माझ्यासारख्या ग्राहकाला कळावे तरी कसे? किट विकायचे कापण्यासाठी आणि कात्री लागली की ग्राहकाचा हक्क संपला म्हणायचे, हे चालणार नाही. माल जाहिरातीतल्या वर्णनाप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही, असे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० स्पष्ट सांगतात. त्यात 'न कापलेला' अशी अट नाही.

म्हणून किटचे पूर्ण रु. ६,४५० परत करावेत आणि माल तुमच्या खर्चाने उचलून न्यावा. एवढी दुलई कोणी शिवायला आणली असती तर मी रु. ९०० मजुरी घेतली असती, तीही द्यावी. भरणाचे आणि कापडाचे वर्णन पानावर दुरुस्त करावे.

याच नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. तसे न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. २०१९ च्या कायद्याप्रमाणे ती माझ्या राहत्या जिल्ह्यात करता येते, तुमच्या शहरात खेपा घालाव्या लागत नाहीत.

दुलई, उरलेली पट्टी आणि वजन केलेले चौकोन दुकानात बांधून ठेवले आहेत. कुरिअरवाल्याला आधी फोन करायला सांगा. सोमवारी दुकान बंद असते.

कळावे,
आपली ग्राहक,
नाशिक

सोबत: बिलाची प्रत, ई-मेलची प्रत, शिवणीचे व वजनाचे फोटो