सब इंडो आहे, मग सब मराठी काहून नाही?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत सिनेमा, मालिका, क्रिकेट सगळं येते, पण चिनी ॲनिमेशनवर, ज्याला आम्ही पाहणारे डोंगहुआ म्हणतो, एक ओळ बी कधी दिसली नाही म्हणून लिहून राहिलो.

मला हा नाद लागला तो इंडोनेशियातल्या पोरांच्या ऑनलाइन गप्पांमुळे. डोंगहुआतल्या एका सीनवरून ते एकमेकांची खेचत होते आणि प्रत्येक वाक्यामागे वकवकवक, मला वाटलं मोबाइल बिघडला, मग कळलं की ते त्यांचं हसणं आहे, आपण हाहाहा टाइप करतो तसं. भाषांतर लावून वाचत बसलो तर भांडण काय, श्याओ यान भारी की हान ली. श्याओ यान म्हणजे बॅटल थ्रू द हेवन्स या डोंगहुआचा हिरो, त्याची शक्ती गेलेली असते, ठरलेलं लग्न मोडायला मुलगी स्वतः घरी येते आणि हा पोरगा भर बैठकीत तीन वर्षांची मुदत घालून देतो. हान ली म्हणजे अ रेकॉर्ड ऑफ अ मॉर्टल्स जर्नी टू इमॉर्टॅलिटीचा हिरो, साधा माणूस अमर व्हायला निघालेला, तो संकट दिसलं की आधी पळते, आणि त्याच्या फॅन्सना त्या पळण्याचाच अभिमान. माझं मत विचाराल तर हान लीच बरोबर, अमर व्हायचं तर आधी जिवंत राहावं लागते ना.

कोणी जास्त माहिती दाखवली की बाकीचे म्हणतात 'आम्पुन सुहू', म्हणजे माफ करा गुरुजी, हात जोडले. सुहू हा शब्द होक्कियन या चिनी बोलीतून तिकडे गेला. आणि आत्म्याला ते 'जीवा' म्हणतात, पृथ्वीला 'बूमी', स्वर्गाला 'सुर्गा', गुरूला गुरूच! मी नागपुरात बसून हे शब्द न शिकता समजतो, तेव्हा खरंच अंगावर काटा येते.

सोल लँड नावाच्या डोंगहुआची पहिली मालिका २०१८ ला सुरू झाली आन २०२३ ला २६३ भागांवर संपली, एवढं मोठं प्रकरण तिकडच्या पोरांनी आपल्या भाषेतल्या सबटायटलवर पाहिलं, त्याला ते 'सब इंडो' म्हणतात. हे पाहायच्या ॲपमध्ये सबटायटलच्या भाषांची यादी उघडली की इंडोनेशियन, थाई, व्हिएतनामी, मलय सापडते, मराठी मला कधीच दिसली नाही.

आणि मराठीत हे किती छान बसेल! त्यातले लोक बसून जी शक्ती कमावतात तिला इंग्रजीत कल्टिव्हेशन म्हणतात, ऐकलं की शेतीच आठवते. माझ्या आईने दोन मिनिटं पाहिलं आन म्हणाली, अरे हा तर साधना करून राहिला. एका शब्दात सगळं आलं, कोणाला काही समजवायची गरज नाही.

आम्ही चार-पाच जण रविवारी तर्री पोहे खाता खाता हेच बोलतो, पळाला का बे तुझा हान ली, असं चालते, पण अर्ध्यात गाडी हिंदीवर जाते कारण पाहिलेलं सगळं मराठीत नसतेच. म्हणून विनंती आहे की महिन्यातून एकदा तरी या विषयाला पुरवणीत जागा द्या, आणि मराठी घेऊन एम. ए. करणाऱ्या पोरापोरींनी एखाद्या सीनचं भाषांतर हौसेनं करून पाहावं आणि तुम्ही ते छापावं. मागणी दिसली तरच ॲपवाले मराठी टाकतील.

तोवर माझ्या आईचा श्याओ यान त्या तीन वर्षांच्या मुदतीतच अडकला आहे, एकेक वाक्य थांबवून मी तिला सांगून राहिलो.

आपला एक वाचक,
नंदनवन, नागपूर