श्रवणकक्षातील फोम आणि डग्ग्याची घूम

महोदय,

निवांत गाणे ऐकण्यासाठी घरातली एक खोली राखून ठेवणारे रसिक पुण्यात कमी नाहीत. अशा खोलीच्या भिंतींवर काळ्या फोमचे चौकोन चिकटवले की ध्वनीची व्यवस्था झाली, असा समज मात्र गृहसजावट करणाऱ्यांमध्ये घट्ट रुजलेला दिसतो. त्याचा फटका मला स्वतःला बसला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

कोथरूडच्या आमच्या सदनिकेतील 12 बाय 10 फुटांच्या खोलीत सजावटकाराने तीन भिंतींवर 1 इंच जाडीचा फोम लावून दिला. त्यानंतर तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांची झणकार, बोथट झाली, गायकाचा आवाज पांघरुणाआडून यावा तसा येऊ लागला आणि डग्गा मात्र पूर्वीइतकाच घुमत राहिला. एवढा पातळ फोम फक्त उंच कंप्रतेचा ध्वनी शोषतो; डग्ग्यासारख्या खर्जातल्या, म्हणजे 100 हर्ट्झच्या आसपासच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे 3.4 मीटर असल्याने त्याच्यापुढे या फोमचे काही चालत नाही. शिवाय 12 फूट अंतरावरच्या समोरासमोरील भिंतींमध्ये सुमारे 47 हर्ट्झला, 10 फुटांवरच्या भिंतींमध्ये सुमारे 56 हर्ट्झला आणि पुढे त्यांच्या पटींमध्ये स्थिर तरंग (भिंतींमध्ये अडकून जागच्या जागी घुमणारा ध्वनी) निर्माण होतात. त्यांचा दाब भिंतीलगत वाढतो आणि कोपऱ्यात सर्वाधिक असतो. माझी खुर्ची नेमकी मागच्या भिंतीला टेकलेली होती.

खुर्ची साडेचार फूट पुढे घेतली तेव्हाच निम्मी घूम गेली, आणि त्याला एक पैसाही लागला नाही. मग कापसाच्या दोन जुन्या गाद्या गुंडाळून कोपऱ्यांत उभ्या केल्या, तर डग्ग्याचा प्रत्येक आघात सुटा ऐकू येऊ लागला. एवढी खात्री पटल्यावरच खर्च केला. रॉकवूलच्या, म्हणजे दगडापासून काढलेल्या तंतूंच्या, 4 इंची पाट्या खादीत गुंडाळून कोपऱ्यांत तिरप्या उभ्या केल्या. (रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि मास्क हवेतच.) बाजूच्या भिंतींसाठी मी खुर्चीत बसलो आणि मुलगी भिंतीवरून आरसा सरकवत गेली, आरशात स्पीकर दिसला तिथे (म्हणजे जिथून आवाज भिंतीवर आपटून थेट कानाकडे येतो तिथे) पेन्सिलीने खूण केली आणि फक्त त्या खुणांवर, भिंतीपासून 2 इंच अंतर सोडून, पाट्या टांगल्या. उरलेली भिंत उघडीच ठेवली आणि जवारी परत आली.

आणखी दोन गोष्टी विक्रेते सहसा सांगत नाहीत. अशा पाट्यांनी खोलीतला प्रतिध्वनी कमी होतो, शेजाऱ्याकडे जाणारा आवाज थांबत नाही. त्यासाठी जड भिंत आणि फटी बुजवलेले दार लागते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. साधा पॉलियुरेथेन फोम झपाट्याने पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो, तरी आमच्याकडे तो विजेच्या बोर्डाला खेटून चिकटवला होता.

शहरातील सजावटकारांना आणि विक्रेत्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, फोमचा दर सांगण्याआधी त्यांनी खोलीची मापे आणि बसण्याची जागा विचारावी, आणि पहिली पाटी कोपऱ्यात लावावी.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे